सिनेमातला लॉकरवाला

बँकेच्या तळघरात जो माणूस बसायचा त्याला सगळे किल्लीकाका म्हणत. लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक गिऱ्हाईकाची आणि एक बँकेची. बँकेची ती याच्या कमरेला. गिऱ्हाईक पायऱ्या उतरून आलं की जाळीचं दार उघडून आत घ्यायचं, दार परत आतून लावायचं, रजिस्टरात सही घ्यायची, लॉकरच्या खोलीत जाऊन आपली किल्ली फिरवायची आणि पाठ करून बाहेर टेबलाशी येऊन बसायचं. गिऱ्हाईकाचं उरकेपर्यंत तिकडे बघायचं नाही. झालं, एवढंच काम. एवढंच, पण सोळा वर्षं!

खाली खिडकी नव्हती. एक ट्यूबलाइट, एक टेबल, एक खुर्ची आणि चारी बाजूंना लोखंड. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय, हे गिऱ्हाईकाच्या कपड्यांवरून ओळखायचं. फोनला रेंज म्हणाल तर नावाला नाही. त्याचे वडील हॉस्पिटलात होते तेव्हा धाकट्या भावाने अकरा वेळा फोन लावला. शेवटी बँकेच्या फोनवर केला, तर वरच्या पोरीने सांगितलं की ते गिऱ्हाईकापाशी आहेत, नंतर करा. वडील सकाळी अकराला गेले आणि याला कळलं दीड वाजता, डबा खायला वर आला तेव्हा. ते दुःख त्याच्या मनातून काही केल्या जात नव्हतं. त्या दिवसापासून तळघरात बसलं की छातीवर कुणीतरी बसलंय असं त्याला वाटायचं. घरी बायको म्हणायची, "अहो, घरात तरी दारं लावत फिरू नका. आणि जरा मोठ्याने बोला, इथे काय तिजोरी आहे?"

आता मुलीचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण, आणि त्यात डॉक्टरांनी काळजी घ्यायला सांगितलेलं. ती एकदाच म्हणाली, "बाबा, या महिन्यात तुम्ही फोनवर सापडा हं." बस, एवढंच म्हणाली. पण किल्लीकाकाला भावाचे ते अकरा फोन आठवले. वर पासबुकाच्या खिडकीशी एक जागा रिकामी होती. तिथे उजेड होता, रेंज होती, येणाऱ्याजाणाऱ्याशी चार शब्द बोलता यायचे. त्याने अर्ज केला. मग परत केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा मॅनेजर मॅडमनी खुर्ची दिली, चहा दिला आणि गोड आवाजात सांगितलं, "काका, तुमच्याइतका भरवशाचा माणूस मी खाली कुठून आणू?"

घ्या! म्हणजे चोख काम केलं हाच गुन्हा. कामचुकार लोक वर पंख्याखाली बसलेले आणि हा आपल्या चांगुलपणापायी खाली अडकलेला.

हे सगळं तो ज्याला सांगायचा तो म्हणजे दारावरचा बंदूकवाला. त्याला म्हणायचे कर्नल. मिशा तशा होत्या म्हणून. बाकी सैन्यात त्याने सगळी नोकरी भटारखान्यात काढली होती. दीड वाजता तळघर अर्धा तास बंद व्हायचं. तेव्हा दोघं दाराजवळच्या बाकावर डबा उघडायचे, कारण कर्नलला दार सोडून हलायची परवानगी नव्हती. किल्लीकाका गाऱ्हाणं सांगायचा आणि कर्नल तोंडात घास ठेवून "हो ना, हो ना" करायचा. अकरा वर्षांची दोस्ती अशी होती.

एका रविवारी कर्नलच्या मेव्हण्याने तिकिटं काढली आणि ऐन वेळी टांग दिली, म्हणून हे दोघं बँकेच्या दरोड्याचा सिनेमा बघायला गेले. सोमवारी डबा उघडायच्या आधीच कर्नल सुरू झाला.

"काय पिक्चर होता रे! तो म्होरक्या कसला! नुसता चालत आला तरी अंगावर काटा येत होता. आणि शेवटची ती मारामारी! पैसे वसूल."

"डोंबल वसूल," किल्लीकाका म्हणाला. "एका किल्लीने चाळीस लॉकर उघडले त्यांनी. बँकेची किल्ली नुसती फिरवून काय होतंय? गिऱ्हाईकाची नको? त्या लिहिणाऱ्याने उभ्या जन्मात लॉकर बघितला नसेल."

"अरे, सिनेमाला जाताना अक्कल घरी ठेवायची असते."

"बरं, ठेवली. मग मला एक सांग, तो लॉकरवाला गेला कुठे?"

"कुठला लॉकरवाला?"

"अरे, चष्म्याचा! त्याच्याकडून किल्ली घेतली, त्याला आत कोंडला, बाहेरून दार लावलं. पुढे दोन तास तुम्ही मारामाऱ्या दाखवताय, गाड्या उडवताय, त्या नटीला समुद्रावर पळवताय. आणि तो माणूस? त्याला बाहेर काढला की नाही? कुणाला काही पडलीये का?"

कर्नल खो खो हसला. "तू त्याला बघत होतास? सगळं थिएटर नटीला बघतंय आणि हा लॉकरवाल्याला! आणि त्या भित्र्याचं काय कौतुक? पिस्तूल दिसल्याबरोबर किल्ली काढून दिली. थू! माझ्यासारखा असता तर जीव गेला असता, किल्ली दिली नसती."

"मी दिली असती," किल्लीकाका म्हणाला.

कर्नलचा घास हातातच राहिला. "काय म्हणालास?"

"दिली असती. वर म्हटलं असतं, जाताना दार तेवढं उघडं ठेवा."

"लाज वाटत नाही? मी इथे बंदूक घेऊन दिवसभर उभा राहतो तो कुणासाठी? तुझ्यासाठी ना? आणि तू खाली बसून किल्ली वाटणार?" कर्नल खराच चिडला. त्याने डब्याचं झाकण असं आपटलं की कॅशवाल्या बाईने मान वर केली. "तुझ्यासारख्या माणसाच्या हातात किल्ली ठेवायलाच नको."

किल्लीकाका पायऱ्या उतरला तो हेच वाक्य डोक्यात घेऊन. तुझ्यासारख्या माणसाच्या हातात किल्ली ठेवायलाच नको. अरे, मग हेच तर हवं होतं! आपण भरवशाचे म्हणून खाली. उद्या भरवशाचे नाही असं ठरलं, तर खाली ठेवतील कशाला?

आणि संधी आयतीच चालून आली होती. वर्षातून एकदा बँकेत दरोड्याचा सराव व्हायचा; आजवर तो वरच्या मजल्यावरच उरकायचा, यंदा तळघरातही होणार होता. मुख्य कचेरीतले दोन अधिकारी दरोडेखोर बनून येत, खोटं पिस्तूल दाखवत आणि कोण काय करतो ते लिहून घेत. या आठवड्यात कधीही येतील, असं मॅडमनी सांगून ठेवलं होतं. किल्लीकाकाच्या भरतीच्या वेळी जे म्हातारे मॅनेजर होते त्यांचा शब्द त्याला पाठ होता: जीव गेला तरी किल्ली सोडायची नाही. ठरलं तर मग. किल्ली सोडायची. नुसती सोडायची नाही, ताटात वाढून द्यायची! त्या रात्री तो घरी इतका मोठ्याने बोलला की बायको बघतच राहिली.

गुरुवारी अकराच्या सुमाराला एक गृहस्थ खाली आला आणि खिशातून खेळण्यातलं पिस्तूल काढून म्हणाला, "किल्ली."

"ही घ्या," किल्लीकाका म्हणाला. "सावकाश, उंबऱ्याला ठेच लागते. दिव्याचं बटण डावीकडे. दार जड आहे, मी ओढू का? आणि हे बघा, नुसत्या या किल्लीने लॉकर उघडणार नाही, उगाच झटापट करून हात दुखवून घ्याल. पाणी हवंय?"

गृहस्थ गोंधळला. त्याने पिस्तूल काखेत धरलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. किल्लीकाकाला इतकं हलकं वाटलं की त्याने स्वतःची खुर्चीही त्याला देऊ केली.

वर मात्र निराळंच चाललं होतं. दुसरा अधिकारी तोंडाला रुमाल बांधून दारातून घुसला, आणि कर्नलच्या अंगात रविवारचा सिनेमा संचारला. त्याने बंदूक बाजूला टाकली, अधिकाऱ्याला उचलून जमिनीवर आपटला आणि त्याच्या छातीवर बसला. "सराव आहे, सराव आहे!" तो बिचारा खालून ओरडत होता. "तेच सगळे म्हणतात!" कर्नल वरून ओरडत होता. चष्म्याचा चुराडा झाला आणि एक दात हलला.

दुपारी मॅडमच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. खाली आलेल्या अधिकाऱ्याने एक परिपत्रक उघडलं. सहा वर्षांपूर्वीचं. बँकेत रोज परिपत्रकं येतात, शिपाई फिरवतो आणि सगळे सही ठोकून मोकळे होतात, वाचतो कोण? किल्लीकाकाची सही त्यावर ठळक होती. अधिकाऱ्याने वाचून दाखवलं: हत्यार दिसल्यास प्रतिकार करू नये, किल्ली ताबडतोब द्यावी, शांतपणे बोलावे, दरोडेखोराला चिथावू नये.

"चौदा वर्षं मी हे सराव घेतोय," अधिकारी म्हणाला. "इतका शांत माणूस बघितला नाही. मला पाणीसुद्धा विचारलं!"

किल्लीकाकाच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब, मी घाबरलो होतो हो. मॅडम, खरं सांगतो, मी भित्रा आहे. माझा काही भरवसा नाही."

"बघा, वर नम्र किती!" मॅडम म्हणाल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला आतून रडू फुटत होतं आणि लोक हात मिळवायला येत होते. अधिकाऱ्याने शेरा लिहिला की या कर्मचाऱ्याला निवृत्तीपर्यंत लॉकर विभागातून हलवू नये. निवृत्तीला तीन वर्षं आठ महिने होते. पासबुकाची खिडकी त्याच आठवड्यात दुसऱ्याला गेली.

आणि कर्नल? नियम मोडला, अधिकाऱ्याला मारलं, म्हणून त्याची बदली झाली. शिक्षा म्हणून त्याला बँकेच्या प्रशिक्षण केंद्राच्या फाटकावर टाकलं. तिथे हिरवळ आहे, मोठी झाडं आहेत, फाटकाशी सावलीत खुर्ची आहे. ऐकून किल्लीकाकाने कपाळावर हात मारला आणि पहिल्यांदाच त्याला दोस्ताचा हेवा वाटला.

शेवटच्या दिवशी नवा बंदूकवाला दारावर उभा राहिला, तेव्हा कर्नल मोकळा झाला आणि खाली निरोप घ्यायला आला. अकरा वर्षांत तो पहिल्यांदाच त्या पायऱ्या उतरला होता. किल्लीकाकाने त्याच्यासाठी जाळीचं दार उघडलं, स्वतःची खुर्ची दिली आणि आपण टेबलाच्या कडेवर टेकला.

"मुलीचं काय?" कर्नलने विचारलं.

"आज सकाळीच हॉस्पिटलात नेलंय. काही कळेल तर दीड वाजता."

कर्नलने फोन काढून बघितला, इकडे फिरवला, तिकडे फिरवला. मग भिंतींकडे बघितलं. मग छताकडे. दोनच मिनिटं झाली असतील, त्याने गळ्याशी बोट घालून शर्टाचं बटण सोडलं. कपाळावर घाम आला होता. तो उठून उभा राहिला.

"मला दोन मिनिटं बसवेना रे इथे," तो म्हणाला. "आणि तू सोळा वर्षं! मला कधी बोलला का नाहीस?"

"रोज तर बोलत होतो," किल्लीकाका म्हणाला.

कर्नलने दोस्ताचा हात दोन्ही हातांत धरला, मग सोडला आणि पायऱ्या चढून गेला. जाताना त्याने जाळीचं दार लावलं नाही, सताड उघडंच ठेवलं. किल्लीकाकाने एकदा त्या दाराकडे बघितलं. मग उठला आणि त्याने ते आतून लावून घेतलं, कारण नियम तसा होता.