डोक्यातली कॉमेंट्री

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. झाकली मूठ उघडतोय मी!

तुम्हाला माहीतच आहे, नोकरी माझी अंबरनाथच्या कारखान्यात, पण जीव सगळा टेनिस बॉल क्रिकेटच्या कॉमेंट्रीत. वांगणीपासून उल्हासनगरपर्यंत कुठेही मॅच असो, माइक माझ्याच हातात. आणि नेमकी मलाच फिट यायला लागली. गोळ्यांना दाद देईना. शेवटी मुंबईच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ऑपरेशन करू, पण फिटची जागा बोलण्याच्या जागेला खेटून असेल तर अवघड आहे.

बोलणं गेलं तर माझ्यात उरतं काय, तुम्हीच सांगा!

म्हणून दोन तपासण्या एकदम. डोक्यावर एमआरआयला चालणारी खास तारांची टोपी, ती फिट कुठून उठते ते पकडणार. टोपीसकट एमआरआयच्या बोगद्यात शिरायचं, तिथे बोलण्याची जागा कळणार. मग दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवायचे, म्हणजे कुठे हात लावायचा नाही ते सर्जनला समजतं. काय कमाल आहे की नाही? मी तर हरखूनच गेलो होतो.

काम सोपं होतं. चित्र दिसलं की मनात त्याचं नाव घ्यायचं. अधिकचं चिन्ह आलं की डोकं शांत ठेवायचं.

बाहेर आलो तर मॅडम गंभीर. म्हणाल्या, "तुमची बोलण्याची जागा सापडतच नाहीये."

म्हणजे गेली? आधीच? मी तिथल्या तिथे बायकोला, सुरेखाला, निरवानिरवीचं सांगायला लागलो. माइक बेलवलीच्या मंडळाला दे, स्पीकर कुणाला देऊ नकोस. माझा अवतार बघून नर्स व्हीलचेअर घेऊन आली.

सुरेखा मात्र ढिम्म. तिनं एवढंच विचारलं, "अहो, ते अधिकचं चिन्ह यायचं, तेव्हा आत काय करत होतात?"

काय करणार? "तर रसिकहो, चित्र गेलेलं आहे, मैदान मोकळं आहे, मशीनची धडधड वाढलीय, पण आपला खेळाडू जराही डगमगलेला नाही..."

मॅडमनी कपाळाला हात लावला. बोलताना आणि गप्प असताना मेंदूत जो फरक पडतो, त्यावरून म्हणे ती जागा कळते. मी गप्पच बसलो नाही, तर फरक येणार कुठून?

पुन्हा तपासणी ठरली. मी हात जोडले, म्हटलं मॅडम, डोक्यात गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

"सोपं आहे," सुरेखा म्हणाली. "चिन्ह दिसलं की समजा, मी घरी तुम्हाला काहीतरी सांगतेय."

आणि जमलं की हो! पहिल्या फटक्यात! बोलण्याची जागा लख्ख दिसली, टोपीच्या नकाशावर ठेवली, तर फिटची जागा तिच्यापासून चांगली लांब. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं. पुढे ऑपरेशन झालं, फिट थांबली, आणि बोलणं शाबूत आहे का, ते तुम्ही मघापासून ऐकताच आहात.

फक्त त्या दुसऱ्या तपासणीच्या दिवशी मॅडम कौतुकानं बोलून गेल्या, "चिन्ह आलं की इतकं कोरं डोकं मी क्वचितच पाहिलंय. शब्दाचा मागमूस नाही."

सुरेखानं माझ्या त्या कोऱ्या डोक्याच्या चित्राची प्रत मागून घेतली आणि फ्रिजवर लावली. आता मी "हे तू मला सांगितलंच नव्हतंस" असं म्हटलं, की ती वाद घालत नाही. नुसतं फ्रिजकडे बोट दाखवते.