चार बोटं लोखंड

"उद्या येताना प्रत्येकानं चार बोटं लोखंड आणा." हे वाक्य मी वर्गात बारा मुलांसमोर अगदी शहाण्यासारखं तोंड करून बोललो. चित्रकलेचे मास्तर पुठ्ठा आणायला सांगतात, शिवणाच्या बाई चिंध्या आणायला सांगतात, तसंच. आणि बोललो कुठे, तर भिलाईत, जिथे पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि सुटीच्या वेळी गेटावर एकेका कामगाराचा डबा उघडून पाहत होते. इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की अजूनही स्वतःच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

मी नागपूरकडचा. सुतारकाम आणि धातुकाम शिकून सरकारी शाळेत हस्तकला शिक्षक म्हणून लागलो. नेमणूक झाली ती कॅम्प एकला लागून असलेल्या शाळेत. आसपास मजुरांच्या झोपड्या, पत्र्याच्या खोल्या, धूळ आणि चोवीस तास ट्रक. शाळेच्या मागच्या खिडकीतून भट्टीचा सांगाडा दिसायचा. त्या खिडकीला पाठ करून माझी मुलं टकळीवर सूत काढायची, कारण सरकारी यादीत आमच्या शाळेचा उद्योग 'कताई' असा लिहिलेला होता. ती यादी तयार झाली तेव्हा इथे भाताची शेतं होती. शेतं गेली, गावं उठली, दुनियाभरचे इंजिनिअर येऊन राहिले, पण यादी काही हलली नाही. दोन वर्षं मी मजुरांच्या आणि गवंड्यांच्या पोरांना सूत कसं तुटू द्यायचं नाही ते शिकवलं. सूत तुटायचंच.

मग एकदाची वरून योजना आली. शाळांमध्ये औद्योगिक शिक्षण सुधारायचं, त्यासाठी सरकार मदत देणार. एक दिवस खरोखरच ट्रक आला आणि खोकी उतरली. सहा व्हाइस, म्हणजे लोखंडाचा तुकडा जबड्यात घट्ट धरून ठेवायची यंत्रं. बारा कानशी, दोन करवती, गुण्या, कंपास. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी जेवायला घरी गेलोच नाही. सुतार लावून तीन लांब टेबलं करून घेतली आणि त्यांवर सहाही व्हाइस पक्के बसवले. प्रत्येकाच्या तळाला चार भोकं होती. सुतारानं आपल्या पेटीतले अंगठ्याएवढे जाड बोल्ट चारही भोकांत ठोकून आवळले. मी एकेक व्हाइस धरून गदागदा हलवून पाहिला. जागचा हलेना. मला फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी बारा मुलं टेबलापाशी उभी राहिली. हातात कानशी होत्या. घासायला लोखंड नव्हतं.

वाचणाऱ्याला हसू येईल. मलाही आधी आलंच. चौकशी केली तेव्हा कळलं की योजनेत 'अवजारे' या सदराला मंजुरी आहे, 'कच्चा माल' या सदराला नाही. मी अर्ज केला. कारखान्याला लिहिलं, तर उत्तर आलं की मागणी शिक्षण खात्यामार्फत यावी. खात्याला लिहिलं, तर उत्तरच आलं नाही. वर्षभरात चार अर्ज गेले. दुर्गच्या बाजारात विकत आणायला गेलो, तर लोखंड परमिटवर. दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अफू मागितली. राहिला कॅम्पातला भंगारवाला. त्याच्याकडून लोखंड घेणं म्हणजे पोलिसाला आपण होऊन घरी जेवायला बोलावणं. ज्या गावात उठता-बसता पायाला लोखंड लागायचं, तिथे शाळेला हातभर पट्टी मिळेना. मी कागदी घोडे नाचवत राहिलो आणि मुलं बाभळीचे तुकडे व्हाइसमध्ये धरून कानशीनं घासत राहिली. लाकडाचा भुसा कानशीच्या दातांत बसायचा आणि तो काढण्यात निम्मा तास जायचा. उरलेला निम्मा तास मी हवेतल्या हवेत कानस चालवण्याची कवायत घ्यायचो. पाय इथे, कोपर असं, एक-दो, एक-दो. तपासणीला आलेल्या साहेबांना ती कवायत फार आवडली.

त्याच तपासणीत एक फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता, 'प्रशिक्षणासाठी साहित्य उपलब्ध आहे काय?' मी 'नाही' लिहायला लागलो, तेवढ्यात हेडमास्तरांनी माझा हात धरला. "मास्टरजी, 'नहीं' लिखोगे तो सामान वापस जाएगा।" मी 'होय' लिहिलं आणि सही केली. सामान परत जाऊ नये म्हणून केली, हे खरं. पण खोटं ते खोटंच.

त्या बारा मुलांत पहिल्या टेबलाशी उभा राहणारा एक मुलगा होता. त्याचे वडील भंडाऱ्याकडचे, बौद्ध, आमच्यातलेच. ठेकेदाराकडे खलाशी होते. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे, साखळ्या-दोरांनी अवजड यंत्रं उचलून जागेवर नेऊन ठेवणारा. ते एकदा मुद्दाम शाळेत आले होते. चपला दाराबाहेर काढल्या आणि बराच वेळ नुसते व्हाइसकडे पाहत उभे राहिले.

"गुरुजी," ते म्हणाले, "आमी उचलतो अन् फिटर बसवते. मले पोरगं बसवनारं पायजे."

कारखान्याच्या प्रशिक्षण केंद्रात मुलं घेणार होते. वार्षिक परीक्षा झाली की चाचणी. चाचणी साधी होती, लोखंडाचा ठोकळा व्हाइसमध्ये धरायचा आणि त्याची एक बाजू कानशीनं घासून सपाट करायची. जो करील तो फिटर होणार. ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी बापाचा दोर होताच. चाचणीला तीन महिने उरले होते आणि माझ्या बारा मुलांनी लोखंडाला एकदाही कानस लावली नव्हती. तेव्हा माझा धीर सुटला, आणि मी ते वाक्य बोललो.

दुसऱ्या दिवशी अकरा मुलं रिकाम्या हातानं आली. त्यांच्या बापांनी त्यांना चांगलं झापलं असणार. बारावा आलाच नाही. दुपारी कळलं की त्याच्या वडिलांना गेटावर धरलं. डब्यात भाताखाली सळईचा एक कापलेला तुकडा निघाला. चार बोटं लांब, सिमेंटनं माखलेला, फेकून दिलेला. पास काढून घेतला होता. पास नाही म्हणजे काम नाही, आणि चोरीचा शिक्का बसला की पुढे कुठल्याच ठेकेदाराकडे उभं करत नाहीत.

मी सायकल मारत त्यांच्या खोलीवर गेलो. मुलाची आई दारात गहू निवडत होती, तिनं वर पाहिलं नाही. वडील खाटेवर बसले होते. मी म्हटलं, "तुमी कावून आनलं जी? गेटावर पाहतेत हे तुमाले मालूम नव्हतं का?"

"मालूम होतं."

"मंग?"

"पोरगं मनलं गुरुजींनं सांगतलं. दुसऱ्यानं मांगितलं असतं तर नसतं आनलं."

मला त्या वेळी जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं.

गेटाच्या कचेरीत गेलो. तिथला अधिकारी वाईट माणूस नव्हता. तुकडा त्याच्या टेबलावरच पडलेला होता. तो म्हणाला, शाळेनं लिहून द्यावं की आम्हीच मागवलं होतं, मग मी बघतो. हेडमास्तरांकडे आलो, तर त्यांनी दोन्ही हात वर केले. शाळेच्या कागदावर असं लिहिलं तर आपणच चोरी करवली असं होईल, आणि शिवाय साहित्य उपलब्ध आहे असं तुम्हीच सही करून दिलंय, ते खोटं ठरेल त्याचं काय? त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून जास्तच संताप आला.

शेवटी माझ्या नावानं मी लिहिलं. शाळेत लोखंड नाही, वर्षभर नव्हतं, मी खोटी सही केली, मुलांना लोखंड आणायला मीच सांगितलं, या माणसाचा दोष नाही. एवढ्या पाच ओळी. पण त्या लिहायला मी दोन दिवस लावले, हेही इथे सांगायला हवं. नोकरी जाईल, म्हातारी आई आहे, पोरं लहान आहेत, असं घोकत दोन दिवस बसून राहिलो आणि ते दोन दिवस तो माणूस खाटेवर बसून होता. आठव्या दिवशी त्यांना पास परत मिळाला.

माझ्या पत्राची नक्कल कुणीतरी शिक्षण खात्याला पाठवली. लोखंडाच्या चार अर्जांना वर्षभर उत्तर न देणाऱ्या खात्यानं या पत्राला पंधरा दिवसांत उत्तर दिलं. माझ्याकडून खुलासा मागवला होता. आणि खाली हुकूम होता की साहित्याअभावी या शाळेत प्रशिक्षण शक्य नसल्याचं शिक्षकानंच कबूल केलं असल्यानं सर्व अवजारं दुसऱ्या शाळेकडे रवाना करावीत. लोखंड द्यावं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मी तो कागद हातात धरून डोक्याला हात लावून बसलो. खरं लिहिल्याचं हे फळ. पुढे चाचणीला बाराही मुलं बसली आणि एकही निवडला गेला नाही. कवायत सगळ्यांची उत्तम होती. पण बाभळीवर घासलेला हात लोखंडावर नुसता घसरत होता, असं परीक्षकानं मला तोंडावर सांगितलं. तो पहिल्या टेबलाचा मुलगा वडिलांबरोबर दोर ओढायला जाऊ लागला.

पण सामान न्यायला ट्रक आला तो दिवस चाचणीच्या महिनाभर आधीचा. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

व्हाइस जड असतात, एकट्याच्यानं निघत नाहीत. मी कुणाला बोलावलं नव्हतं. तरी मुलाचे वडील सुटीच्या दिवशी आपण होऊन आले, मुलाला घेऊन. पिशवीतून पाना काढला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "हा माह्या सोताचा हाये जी. कारखान्याचा नाई."

ते पहिल्या टेबलाखाली शिरले. दोन नट सोडवले, बोल्ट वर ठोकून काढले आणि थांबले. बाहेर येऊन त्यांनी व्हाइस दोन्ही हातांनी धरून जोर लावला. उरलेल्या दोन बोल्टांवर व्हाइस तसाच घट्ट होता.

"चार कावून लावले गुरुजी?"

"चार भोकं आहेत ना."

"दोन पुरतात जी. पोरायच्या हाताले दोन मस्त पुरतात. दोन समोरासमोरच्या कोपऱ्याले तिरपे लावाचे, बस."

त्यांच्या तळहातावर ते काढलेले दोन बोल्ट होते. अंगठ्याएवढे जाड, चार बोटं लांब, सहा सपाट बाजूंच्या डोक्यांचे. मी बघत राहिलो. सहा व्हाइस, प्रत्येकात दोन बोल्ट जास्तीचे. बारा. माझी मुलंही बारा. सुताराच्या पेटीतले बोल्ट, ना कारखान्याचे, ना सरकारी रजिस्टरात नोंदलेले. वर्षभर मी दुर्गपासून भंगारवाल्यापर्यंत लोखंड शोधत होतो आणि ते मुलांच्या पोटाशी, टेबलात ठोकलेलं होतं. मीच ते गदागदा हलवून पाहिलं होतं.

त्यांनी एक बोल्ट त्याच व्हाइसच्या जबड्यात धरला, दांडा फिरवून आवळला आणि मुलाला म्हणाले, "घे. मार कानस." मुलानं कानस टेकवली. पहिल्यांदा घसरली. दुसऱ्यांदा चावली आणि करकरून लोखंडाचा बारीक चुरा टेबलावर पडला. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मुलगा घासत राहिला.

मला भयंकर राग आला, आणि जो समोर होता त्याच्यावरच निघाला. मी म्हणालो, "तुमी त्या दिवशी इथं उभे राहून हे व्हाइस पाहत होते. तवाच सांगाचं होतं ना!"

ते पान्यावरचं तेल पुसत होते. वर न बघता म्हणाले, "मले कोनी इचारलं होतं जी?"