तळघरातला सॅलमँडर

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या त्या हिवाळ्यात मी स्वयंपाक करत असे, भांडी घासत असे, विचारले तर उत्तर देत असे. कशाचेच काही वाटत नसे. नागपुरात मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला इथे नोकरी करता येत नव्हती, म्हणून मी जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत विनावेतन काम करत असे. माझे शिक्षकपण तेवढ्या एका खोलीत शिल्लक होते.

तिथे मध्य अमेरिकेतले सॅलमँडर होते: दिसायला पालीसारखे, कुळाने बेडकांचे सोयरे. त्यांना फुफ्फुसे नसतात. ओल्या त्वचेतून श्वास चालतो. दिवसा ते पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यापाशी दडतात, अंधारात बाहेर येऊन निश्चल बसतात. भक्ष्यामागे धावत नाहीत; ते टप्प्यात आले की जीभ फेकतात. उष्ण कटिबंधातले असूनही त्यांची वस्ती उंच डोंगरांवरच्या धुक्यात असते, म्हणजे त्यांना गारवाच हवा. हा मुद्दा विद्यार्थी हटकून चुकतात.

खाणे सोडलेला एक सॅलमँडर तिथल्या प्राध्यापकांनी नाताळच्या सुटीत माझ्याकडे सोपवला. "हा जगला, तर जानेवारीपासून सगळे तुम्हीच सांभाळा," ते म्हणाले. काचेची पेटी मी थंड तळघरात ठेवली. काही दिवसांनी त्याने एक फळमाशी टिपली.

एका दुपारी बाजार करून परतले, तर पेटी दिवाणखान्यात, जमिनीतल्या गरम हवेच्या झरोक्यावर. शेजारी सासूबाई शाल पांघरून बसलेल्या.

"आई, ही वर कोणी आणली?"

"मीच. गारठला होता गं बिचारा. उष्ण कटिबंधातला म्हणालीस ना? म्हणजे आपल्यासारखाच की. त्या तळघरात माझीसुद्धा बोटं वळत नाहीत."

पेटीतले शेवाळ कुरकुरीत झाले होते. सॅलमँडर पानाला चिकटला होता. मी पाणी शिंपडले. त्वचा ओली झाली. बाकी काही झाले नाही.

"झोपला का?"

"हो, आई."

संध्याकाळी नवरा म्हणाला, "यार, सरांना सांग, हीटर बिघडून घर तापलं म्हणून. कोण चेक करतंय?"

जानेवारीत प्राध्यापकांनी पेटी उजेडात धरून पाहिली. "गरम जागी कोणी ठेवली?"

"मी."

"तुम्हाला तर हे ठाऊक होते."

"होय."

प्रयोगशाळेची किल्ली मी टेबलावर ठेवली. त्यांनी ती लगेच उचलली नाही. पण माझ्याकडे परतही सरकवली नाही.