खिसे शिवणारे मास्तर

"मापं मागनं घेऊ. आदी सांग, खिसं किती?"

बंगल्यात नवं मूल आलं की शिंपीमास्तरांचा पहिला प्रश्न हा. मूल बहुधा आईच्या पदरात तोंड खुपसून बसलेलं असे. मुंबईच्या इस्पितळात सुयांची आणि नळ्यांची अशी दहशत बसलेली असायची की गळ्यात काहीतरी अडकवलेलं माणूस दिसलं की ते डोळे गच्च मिटून घेई. मास्तर ते ओळखून होते. गळ्यातली टेप काढून ते आधी खिशात घालत, खाटेपासून जरा लांब जमिनीवर मांडी घालून बसत आणि मग विचारत. बऱ्याच वेळाने पदराआडून एक बोट वर येई.

"येकच? येका खिशात काय मावतंय रं? गोटी ठेवली तर भवरा कुठं ठेवशील? माजं ऐक, तीन घे."

मग दुसरं बोट. मग तिसरं. तोवर मूल पदराबाहेर आलेलं असे.

कर्जतहून खोपोलीकडे जाताना रस्त्याच्या कडेला चिंचांच्या दाटीत एक जुना बंगला होता. तुमच्यापैकी कुणी त्या काळी एसटीने तिथून गेलं असेल तर अंगणात वाळत घातलेले रंगीबेरंगी लहान कपडे पाहिले असतील, आणि इथे शाळा असावी असं वाटलं असेल. शाळा नव्हती. ज्या मुलांवर मोठ्या इस्पितळातले उपाय संपले होते, ती मुलं तिथे आणून ठेवत. डोंगराची हवा, गरम जेवण, दुखणं हलकं करणारं औषध आणि उशाशी बसायला माणूस, एवढंच तिथे मिळे. आज अशा घरांना वेगळं नाव आहे. आम्ही नुसतं 'बंगला' म्हणायचो.

इस्पितळातून निवृत्त झालेल्या एक मेट्रन तो चालवत. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. बाकीची आम्ही आसपासची हौशी माणसं. मी भिवपुरीला वीजकेंद्राच्या कॉलनीत राहायची, माझे यजमान तिथे नोकरीला होते. आठवड्यातून दोनदा मी गोष्टी वाचायला, वेण्या घालायला, भाजी निवडायला जायची. कॉलनीतून कुणी ताक पाठवी. कर्जतचे एक केशकर्तनालयवाले अधूनमधून येऊन मुलांचे केस कापून जात. आणि गुरुवारी, दुकान बंद असायचं त्या दिवशी, खोपोलीजवळच्या शिळफाट्याहून मास्तर येत.

ते पहिल्यांदा आले ते पडद्यांची मापं घ्यायला. खिडक्या मोजून निघाले होते. व्हरांड्यात एक मुलगा इस्पितळाचा बिनखिशाचा डगला घालून बसला होता. त्याने मास्तरांच्या धोतराचा सोगा धरला आणि मुठीतली गोटी दाखवून विचारलं, "ही मी कुठं ठेवू?" झोपला की मूठ उघडते आणि गोटी खाटेखाली जाते, मग कुणीतरी वाकून काढून द्यावी लागते, अशी त्याची तक्रार होती. मास्तरांनी पुढच्या गुरुवारी पडदे आणले आणि त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यांचे खिसेही आणले. दुपारभर बसून त्यांनी प्रत्येक मुलाच्या डगल्याला खिसा लावला. फुलाफुलांचे पडदे आणि फुलाफुलांचे खिसे. त्यानंतर त्यांना कुणी या म्हटलं नाही आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही. ते येत राहिले.

दिसायला उंच, हाडकुळे. कानामागे खडूचा तुकडा. केसांना इतकं तेल की मुलं त्यांच्या डोक्यावरून बोट फिरवून आपल्या भुवयांना लावत. बोलणं अखंड. बंगल्यात शिवणयंत्र नव्हतं तेव्हा ते आपलं हातयंत्र मांडीवर घेऊन एसटीने येत. एकदा खोपोलीच्या बाजारातून येताना मी त्याच गाडीत होते. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, सामानाचं तिकीट काढा."

"सामान कुटं हाय? ही आमची मंडळी हाय," मास्तर यंत्रावर हात ठेवून म्हणाले. "हिच्यामुळं तर घर चालतंय."

"मंडळी असंल तर फुल तिकीट," कंडक्टर म्हणाला. सगळी गाडी हसली. मास्तरांनी खरंच फुल तिकीट काढलं आणि उतरताना यंत्राला म्हणाले, "उतरा बाईसाहेब, आलं माहेर."

वैशाखी पौर्णिमेला ते घरून खिरीचं पातेलं घेऊन येत. त्यांची बायको कधीच गेली होती. मुलगी लग्न होऊन अंबरनाथला. खीर ते स्वतः करत आणि ती दरवर्षी बुडाला लागे. मुलं तक्रार करत. "खरपूस म्हन, खरपूस," मास्तर दटावत. "करपली म्हनायचं नाय."

एक गोष्ट मात्र त्यांना जमत नसे. बंगल्यातलं एखादं मूल गेलं की त्या दिवशी ते आत पाऊल टाकत नसत. फाटकाशीच उभे राहत, विडी ओढत, आणि चिंचेवरच्या कावळ्यांना शिव्या घालत. "मी मापं घेनारा मानूस," मोठ्या बाईंना ते म्हणाले होते. "मला त्यात नका वढू."

सुमन नावाची मुलगी आली ती थंडीच्या सुरुवातीला. आठ-नऊ वर्षांची, बोलकी. रक्ताचा रोग. मास्तरांनी खिसे विचारले तर म्हणाली, "खिसे नकोत, झालर पायजे." मास्तर हरखले. तिने निवडलेल्या निळ्या कापडाचा झालरीचा फ्रॉक ठरला. मास्तर माप घेत होते, तिची आई शेजारी उभी होती. आणि कुठलीही आई शिंप्याला सांगते तसं ती सवयीने बोलून गेली, "जरा वाढत्या अंगाचा शिवा हां."

बोलली आणि तिचं तिलाच उमगलं. तोंडावर हात ठेवून ती भिंतीकडे वळली. मी शेजारच्या खाटेवरच्या मुलीची वेणी घालत होते, हातातला पेड सुटला. सुमन सगळ्यांकडे बघत होती.

"म्हंजे काय?" मास्तर मोठ्याने म्हणाले. "वाढत्या अंगाचाच शिवनार. खाली चांगलं चार बोटं दुमडून ठेवतो. लांब झाली की उसवायचं."

पुढच्या गुरुवारी फ्रॉक तयार करून ते आले. वर्तमानपत्रात बांधून आणला होता. सुमन आदल्या दिवशी गेली होती. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. ते नेहमीसारखे बोलत बोलत आत आले, खाटेपर्यंत आले. खाटेवर नुसती गादी गुंडाळून ठेवलेली होती. मास्तर तिथूनच वळले. पुडकं काखेत मारलं आणि चालते झाले. व्हरांड्यात ठेवलेलं त्यांचं हातयंत्र तिथेच राहिलं.

त्यानंतर ते आले नाहीत. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. महिना उलटला. मुलं फाटकाकडे बघत. मोठ्या बाई म्हणाल्या, "बोलवायला नको. असे पुष्कळ जातात. त्यांचं काही चुकत नाही." पण मला राहवेना. खोपोलीला बाजाराला गेले तेव्हा मी शिळफाट्याला त्यांच्या दुकानात डोकावले.

त्यांनी मला स्टूल दिलं, चहा मागवला, आणि माझ्याकडे न बघता काज करत राहिले.

"वयनी, तुमी बोलवाया आला आसाल तर मी येनार नाय," ते म्हणाले. "मला नाय झेपत. मी शिवायचं आनि घालायला अंगच नसायचं, हे कसलं काम?"

 मी चहा प्यायले, त्यांच्या मुलीची चौकशी केली आणि उठले.

त्या पुढच्याच गुरुवारी मास्तर फाटकातून आत आले. सगळी मुलं त्यांना चिकटली. मी काही विचारलं नाही. दुपारी मुलं झोपल्यावर, यंत्राला तेल घालता घालता, त्यांनी आपणहून सांगितलं. सुमनची आई दुकानात आली होती. फ्रॉक मागायला.

"म्हनाली, धाकटीला होईल. मी म्हनलं, बाई, तुला बघवंल का त्यो तिच्या अंगावर? म्हनाली, थोरलीनं रंग निवडला हाय, वाया कसा घालवू." मास्तरांनी तेलाची कुपी खाली ठेवली. "ती दुकानापत्तुर आली, वयनी. पाय वढत आली, पन आली. मग माजे पाय काय मोडले हायेत?"

मग यंत्राच्या चाकाला एक गिरकी देऊन म्हणाले, "इथं येनं सोपं हाय. पुन्ना येनं लई अवघड."

त्या वर्षी बंगल्यात किसन होता. खालापूरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी त्याचं गाव. बापाने पावसाळ्याआधी आणून ठेवलं तो नंतर फिरकला नव्हता. किसन सगळ्यांना सांगे, "लावणी झाली की बाबा येणार." लावणी झाली. मग म्हणू लागला, "कापणी झाली की." कापणीही झाली. नंतर त्याने बोलायचंच सोडलं. चार खिशांचा सदरा मागून घेतला होता, त्याचे खिसे सारखे चाचपत बसे. आत काय आहे ते कुणाला दाखवत नसे.

मास्तर एका रविवारी त्या गावी जाऊन आले. बाप "येतो" म्हणाला आणि आला नाही. पुढच्या खेपेला मीही बरोबर गेले. खालापूरला एसटीतून उतरून बांधाबांधाने चालत गेलो. घरी किसनची आई होती, कडेवर तान्हं. म्हणाली, "ते नाय घरात. रानात गेलेत." दाराशी पुरुषाच्या वहाणा होत्या. मास्तरांनी त्या पाहिल्या, मीही पाहिल्या. मास्तर ओट्यावर बसले, टेप काढून तान्ह्याच्या पायाचं माप घेतल्यासारखं करू लागले आणि दाराकडे तोंड करून मोठ्याने बोलू लागले.

"मीबी पळालो हुतो रं दादा, तिथली येक पोर गेली तवा. माजी ती कोन? कोन बी नाय. तरी पळालो. तुजा तर पोटचा हाय. तुला भ्या वाटतंय त्यात काय नवल?"

मास्तरांनी टेप गुंडाळून खिशात घातली.

"मी तुला वढून न्यायाला नाय आलो. बसलोय नुसता. पानी पाजा मला वाईच."

पाणी घेऊन बाप स्वतःच बाहेर आला. तरणाच होता. दाढी वाढलेली. तांब्या खाली ठेवून तो दाराला टेकून उकिडवा बसला.

"काय बोलू मी त्याच्याशी?" तो म्हणाला. "त्यो इचारनार, बाबा, घरी कवा न्यायचं. आनि घरी आनला, रातचा कळवळाया लागला, तर मी काय करू? माज्याकडं काय हाय?"

"इचारंल," मास्तर म्हणाले. "तर सांग, मला नाय जमत रं बाळा. खोटं बोलू नको. आनि उठून जाऊ नको. तिथं औषिद द्यायला मानसं हायेत. तुला काय करायचं नाय. जवळ बसायचं."

"तेवढंच?"

"तेवढंच. पन तेवढंच लई जड हाय, ते मला ठावं हाय. मी असतो गुरवारी."

गुरुवारी तो आला. मास्तर फाटकाशी त्याची वाट बघत उभे होते. दोघं बरोबरच आत आले. मी खिडकीपाशी एका मुलीला गोष्ट वाचून दाखवत होते, ती अर्धीच राहिली. किसनने बापाकडे पाहिलं, रडला नाही, ओरडला नाही. घरी कधी न्यायचं हेही विचारलं नाही. त्याने एक एक खिसा उलटा करायला सुरुवात केली. बंगल्यात सणावाराला वाटलेलं जे जे मिळालं होतं, त्यातलं निम्मं त्याने बापासाठी ठेवलं होतं. तिळगुळाचे दाणे, शेंगदाणे, चिकटून कापडाचे धागे लागलेली लिमलेटची गोळी. "खा," तो म्हणाला.

बापाने ती गोळी धाग्यांसकट तोंडात टाकली. आणि तो खाटेच्या कडेला टेकला. किसन बोलत सुटला. म्हैस व्याली का, तान्हं रांगतं का, आंब्याला मोहोर आला का. मास्तर कोपऱ्यात यंत्रावर वाकून बसले होते. चाक फिरत होतं, पण सुईखाली कापड नव्हतं.

बाप राहिला. व्हरांड्यात निजायचा, विहिरीचं पाणी भरायचा, उरलेला वेळ पोराला मांडीवर घेऊन बसायचा. थंडी सरता सरता किसन गेला तो बापाच्या मांडीवरच. त्या दिवशी मास्तर फाटकाशी थांबले नाहीत. आत आले आणि त्या माणसाच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. 

पुढे कितीतरी वर्षं मास्तर येत होते. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं. दुकान विकून ते मुलीकडे अंबरनाथला राहायला गेले. तिथेच ते वारले, मला ते उशिरा कळलं. बंगलाही पुढे बंद झाला. पण अंबरनाथला जाण्याआधी ते एकदा येऊन गेले, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

वार गुरुवार नव्हता. मुलं सगळी नवी होती, त्यांना कुणीच ओळखत नव्हतं. फाटकाशी पाच-सहा वर्षांची एक मुलगी बसली होती. तिने विचारलं, "तुम्ही कोण?"

मास्तर तिच्यासमोर वाकले. "मी? मी पावना."

"मग या ना," ती म्हणाली, आणि त्यांचं बोट धरून त्यांना घर दाखवायला निघाली. हा झोपाळा, इथे दोघांनीच बसायचं. ही विहीर, जवळ जायचं नाही. इथे आम्ही जेवतो. ही माझी खाट, ही तिची. हे पडदे बघा, यांच्यावर फुलं आहेत. मास्तर जिथे ती थांबेल तिथे थांबत, ती दाखवेल ते वाकून, डोळे बारीक करून बघत. "आसं व्हय?" म्हणत. "वा! मला ठावंच नव्हतं." इतकी वर्षं वावरलेलं घर त्यांनी तिच्या बोटाला धरून पहिल्यांदा पाहिलं. हे सगळं मला माहीत आहे असं म्हणून तिचा एक शब्दही हिसकावून घेतला नाही.

चहा झाला. मी त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेले, ती मुलगीही आली. एसटीत चढताना त्यांना पायरी नीट दिसेना. कंडक्टरने हात दिला. गाडी वळणाआड गेली तेव्हा तिने मला विचारलं, "ते कुणाचे पाहुणे होते?"

"तुझे," मी म्हटलं.

तिला ते पटलं असावं. मान हलवून ती फाटकाशी आपल्या जागेवर जाऊन बसली.