मंडईच्या धानावरचा सिनेमा

चिचगडच्या बसथांब्यासमोर राजदीपचं फोटोचं दुकान होतं. पासपोर्ट साइज, लग्नाचं शूटिंग, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचं शूटिंग, आणि कोणी म्हातारं गेलं की हार घालण्याजोगा फोटो मोठा करून देणं, हा धंदा. पोट चाललं होतं. पण ज्याचं पोट चालतं त्यालाच नाही ते सुचतं. दोन हजार आठ साली राजदीपला सिनेमा सुचला.

आता सिनेमा म्हणावा तर गोष्ट एवढीशी. दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई, बाहेरगावी गेलेली पोरं, सोयरेधायरे सगळे येतात, दिवसा बाजार आणि रात्री नाटक. तर एक म्हातारी मंडईच्या दिवशी आपल्या नागपूरच्या पोराची वाट पाहते. बस्स. मारामारी नाही, गाणं नाही. ज्याला सांगावं तो विचारायचा, "मंग काय होते?" राजदीप म्हणायचा, "वाट पायते." ऐकणारा उरलेला चहा एका घोटात संपवून उठायचा.

आधी तो गोंदियाला चुन्नीलाल राइसमिलवाल्याकडे गेला. त्याच्या घरच्या तीन लग्नांचं शूटिंग राजदीपनंच केलं होतं. शेटनं सगळी गोष्ट डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला, "बेटा, बुढ़िया देखने के लिए टिकट कौन लेगा? बुढ़िया तो सबके घर में है." वर भाच्याच्या लग्नाचं शूटिंग राजदीपच्या गळ्यात मारलं. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून राजदीपनं ते घेतलं, पण परत येताना एसटीत त्याला रडायला येत होतं.

सिनेमाला शेवटी पैसा मिळाला तो धानाच्या रूपात, आणि तोही भांडणातून. राजदीपच्या गावी दरवर्षी घरटी धान गोळा करून मंडईला वडशाकडची नाटक कंपनी आणत. त्या साली एका कंपनीनं ठरलेली तारीख दुसऱ्या गावाला देऊन टाकली. मंडई कमिटीचे अध्यक्ष मनिराम यांचं डोकं सटकलं. "कायले कोणाच्या पाया पडाचं गा? सारे नाटक दाखोतेत. आपण सिनेमा दाखवू. अन् तोही घरचा. राजदीप, करतं का नाही बोल." राजदीप काय नाही म्हणणार? पोळ्याच्या आत कोठ्यांतलं धान निघालं, विकलं गेलं, आणि मंडईच्या रात्री सिनेमा पडद्यावर दिसलाच पाहिजे असं ठरलं. नाही दिसला तर पाहुण्यांसमोर गावाचं नाक कापलं जाणार, आणि राजदीपला दुकानासकट देवरीपलीकडे जावं लागणार.

आणि एक अट होती, जी मनिरामनी अट म्हणून सांगितलीच नाही, कारण त्यांच्या मते ते ठरलेलंच होतं. म्हातारीचं काम मनिराम करणार!

त्यात त्यांची चूक तरी काय? तीस वर्षं गावच्या दंडारीत, म्हणजे नाच-गाण्याच्या लोकनाट्यात, बाईचं काम त्यांनीच केलं होतं. दरवर्षी मिशी काढायची, बायकोचं लुगडं नेसायचं आणि अशी आसवं गाळायची की बाया पदर डोळ्याला लावायच्या. दुसरी कोणी बाई कॅमेऱ्यासमोर यायला तयारही नव्हती. राजदीपनं दारोदार विचारून पाहिलं होतं. एकीनं तर झाडू दाखवला होता.

शूटिंग सुरू झालं आणि राजदीपच्या नाकी नऊ आले. मनिराम दंडारीतले गडी. शेवटच्या तट्ट्यावर, म्हणजे अगदी मागच्या चटईवर, बसलेल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, म्हणून "आला नाही वो माहा पोट्टा" हे वाक्य ते असं म्हणत की शेतातले बैल माना वर करत. तेही एक वेळ चाललं असतं. पण दंडारीत पब्लिकला पाठ दाखवत नाहीत, तो पब्लिकचा अपमान. म्हणून म्हातारी रस्त्याकडे पाहण्याऐवजी रस्त्याकडे पाठ करून कॅमेऱ्याकडे पाहत वाट पाहू लागली.

"काकाजी, एसटी तिकडून येते."

"मले माईत हाय. पण पब्लिक इकडं हाय ना."

सांगावं तर अध्यक्ष चिडणार, न सांगावं तर सिनेमा बुडणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दसरा उलटला. एके दुपारी राजदीपनं मनाचा हिय्या केला आणि मनिरामना दुकानात बसवून टीव्हीवर सगळं शूटिंग दाखवलं.

मनिराम आधी खूश होते. मग पुढे सरकून बसले. शेवटी तोंडावरून हात फिरवत म्हणाले, "हे बाई पोट्ट्याची वाट पाहून नाई राहिली गा. पब्लिकची वाट पाहून राहिली." जरा वेळानं म्हणाले, "अन् हे सारं मी बंटीच्या मायचं पाहून शिकलो. तिले पाहून दंडार केली अन् आता तिचंच सोंग टीवीत खोटं दिसून राहिलं."

बंटीची माय म्हणजे त्यांची बायको रुख्मा. लग्न झाल्यापासून मनिरामनी तिला नावानं हाक मारली नव्हती, चार लोकांत तर नाहीच. जुनी रीत. बंटी नागपूरला कामाला, तीन मंडया झाल्या, आला नव्हता.

त्याच सांजेला मनिरामनी तिला गळ घातली. रुख्माकाकी आधी फिसकन हसली. "मले नाटकं येत नाई, बाप्पा."

"करूच नोका, काकी," राजदीप म्हणाला. "रस्त्यावर उभ्या राहा अन् एसटीकडे पाहा."

"ते त मी दरसाल पायतो."

ती उभी राहिली. कॅमेऱ्याकडे सरळ पाठ. हात पदराला पुसला, डोळ्यांवर धरला आणि पाहत राहिली. राजदीपला कॅमेरा थांबवायचं सुचलं नाही. काम झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "येते का मंग त्या बाईचा पोट्टा?" राजदीप म्हणाला, "ते सिनेमात पाहा, काकी." मनिरामनी सिनेमातल्या पोराचा आवाज तरी आपला लागावा असं सुचवून पाहिलं; राजदीपनं नको म्हटलं, पण ते पुरतं रागावलेही नाहीत.

मंडईच्या रात्री बांबूला पांढरा पडदा बांधला, देवरीहून भाड्यानं प्रोजेक्टर आला. गाव लोटलं होतं. मायचा सिनेमा लागणार हे नागपुरात कळलं, तसा बंटीही आला होता. "मले नाई, सिनेमा पाहाले आला," असं रुख्माकाकी शेजारणींना सांगत होती, आणि त्याला बाजूलाच दाबून बसवलं होतं.

पडद्यावर ती पाठमोरी उभी राहिली. आता कोणी शिटी मारेल म्हणून राजदीप पडदा सोडून पब्लिककडेच पाहू लागला. कोणी मारली नाही. उलट पुढून एक म्हातारी ओरडली, "थांबव रे, बक्षीस देऊन राहिलो!"

नाटकात काम आवडलं की खेळ थांबवून बक्षीस देतात आणि माइकवर देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं नाव पुकारतात. राजदीप काकुळतीला आला. "आजी, सिनेमात बक्षीस नसते."

"आमच्या मंडईत असते."

झालं. सिनेमा थांबला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. माइक मनिरामकडे, आणि दर वेळी ते पुकारत, "बंटीच्या मायले." मग त्यांनी स्वतःच्या खिशात हात घातला. पुकारायला गेले आणि अडले. सारं गाव हसू दाबून पाहत होतं. मनिरामनी घसा साफ केला. तीस वर्षं दंडार गाजवलेल्या त्या माणसाचा आवाज शेवटच्या तट्ट्यापर्यंत पोचलाच नाही.

"मनिरामकडून... रुख्माबाईले."

बाया हसून एकमेकींवर पडल्या. रुख्माकाकीनं पदर तोंडावर ओढला, दुसऱ्या हातानं बंटीचं मनगट घट्ट धरलं आणि राजदीपला म्हणाली, "चालू कर ना बाबू. पाहू दे मले, येते का नाई त्या बाईचा पोट्टा."