रामलिंग ओव्हरसियरचा वाऱ्याचा दवाखाना

रामलिंग ओव्हरसियरचं बांधकाम पक्कं, आणि तोंड त्याहून पक्कं. सरकारी नोकरी त्यानं साहेबाशी भांडून सोडली होती. त्यानंतर घरं बांधून दिली, त्यातल्या निम्म्या घरमालकांशी भांडला, आणि तरीही लोक त्याच्याकडेच येत. कारण त्याची भिंत कधी फुगली नाही की छत कधी गळलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि गडहिंग्लजच्या अलीकडे माळावर अण्णाप्पा या गुळाच्या व्यापाऱ्यानं आईच्या नावानं बाळंतपणाचा दवाखाना काढायचं ठरवलं. सिमेंट परमिटवर, वीज पाहुण्यासारखी येऊन-जाऊन. अण्णाप्पाला मात्र स्लॅब हवा होता.

"कौलं घातली तर लोक म्हणतील, अण्णाप्पानं आईच्या नावानं गोठा बांधला," तो म्हणाला.

"म्हणू देत की," रामलिंग म्हणाला. "स्लॅब तापला की पंखं लागणार. लाईट गेली की पंखं बंद. मग पंख्याकडं बघत बाळंत व्हायचं काय बायकांनी?"

हा नुसता हट्ट नव्हता. रामलिंगची बायको शांतव्वा पहिलटकरीण होती, तेव्हा वैशाखात एका पत्र्याच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. वर पत्रा तापलेला, खोलीला एकच खिडकी. मुलगा दोन दिवस तळमळला आणि गेला. पुढं चन्नम्मा झाली, ती एकुलतीच राहिली. त्या पत्र्याबद्दल रामलिंग कधी बोलत नसे, पण नकाशा काढायला बसला की त्याच्या डोळ्यांपुढं तोच पत्रा असे.

म्हणून त्यानं माळावरच्याच खाणीचा दगड घेतला आणि चुन्यात हातभर रुंद भिंती उभ्या केल्या. पावसाचं पाणी पन्हाळीतून चौकाखालच्या टाक्यात, न्हाणीचं पाणी केळीच्या बागेला, आणि गोबरगॅसवर हत्यारं उकळायची. पण सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे झरोके. जमिनीलगत एक ओळ, कौलांखाली उंचावर दुसरी. खालून गार हवा आत येणार, वरून कोंदट हवा बाहेर जाणार. ना वीज, ना मोटार. आणि एकाही झरोक्याला झडप नाही.

बाबालाल गवंड्यानं विचारलंही, "साहेब, थंडीत काय करायचं?"

"झडप दिली की माणूस ती लावनारच," रामलिंग म्हणाला. "मानसाचा काय भरवसा?"

एवढं सगळं केलं, पण बाळंतिणीला काय हवं असतं, हे त्यानं एकाही बाईला विचारलं नाही. घरात बायको होती, तिलासुद्धा नाही.

दवाखाना सुरू झाला आणि महिन्याभरात रामलिंगच्या नाकी नऊ आले. आपल्याकडं बाळंतिणीला वारं बाधतं. तिच्या कानाला फडकं, पोटाला पट्टा, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. आणि इथं तर भिंतीलाच भोकं! आलेल्या प्रत्येक सासूनं पहिलं काम कोणतं केलं असेल, तर खालच्या झरोक्यांत लुगड्याचे बोळे कोंबायचं. रामलिंग सकाळी काठी घेऊन हिंडे, बोळे उपसून काढी आणि सासवांच्या शिव्या खाई.

"शेगडी ठेवायची तर ठेवा," तो ओरडे. "पण भोकं बुजवू नगासा. कोळशाची हवा दिसत न्हाय, पण मानसाला गुदमरून मारती."

तरी तो मनातून निर्धास्त होता. खालचे बुजले तरी वरचे झरोके होते, आणि तिथवर कुणाचा हात पोचत नव्हता. तिथवर जाणारी शिडी सामानाच्या खोलीत असे, आणि त्या खोलीची किल्ली फक्त रामलिंगच्या कमरेला.

पौषात चन्नम्मा कागलहून बाळंतपणाला आली. तिची सासू घरीच बाळंतपण करा म्हणत होती. रामलिंगनं ऐकलं नाही. स्वतःच्या पोरीला दुसरीकडं ठेवलं, तर लोक काय म्हणतील? चन्नम्माला मुलगी झाली. चांगली धट्टीकट्टी, काळेभोर जावळ. रामलिंगनं अख्ख्या माळावर पेढे वाटले, शिव्या देणाऱ्या सासवांनासुद्धा.

चौथ्या दिवशी थंडी कडाडली. संध्याकाळी तो खोलीत गेला, तर चन्नम्मा तापानं फणफणलेली आणि तरीही कुडकुडत होती. दातावर दात वाजत होते. शांतव्वानं खालचे झरोके केव्हाच बुजवले होते, अंगावर दोन वाकळा घातल्या होत्या, खाटेखाली शेगडी होती. पण खालची वाट बुजल्यानं वरूनच गार हवेची धार सरळ खाटेवर उतरत होती.

"अहो, वरची भोकं तेवढी बुजवा की," शांतव्वा म्हणाली.

"न्हाय. शेगडी हाय आत."

"पोरगी काकडून गेलीया. लेकरू निळं पडाय लागलंय. एक तर तुमच्या इद्येपायी पत्र्याखाली..." ती थांबली. तिला म्हणायचं होतं की पत्र्याखाली एक गेलं. पण पत्रा काही रामलिंगनं बांधलेला नव्हता, हे तिलाही कळत होतं. मग तिनं त्याचे पायच धरले. "एकच रात. तुमच्या पाया पडते."

चन्नम्मा नुसती म्हणाली, "अप्पा, लई गार लागतंय."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणायला सोपं असतं. पोटची पोर थरथरत असताना कुणाचं ब्रह्मज्ञान जागेवर राहतं? रामलिंगनं शिडी आणली, गुळाची रिकामी पोती फाडली आणि स्वतःच्या हातानं बांधून घेतलेले झरोके स्वतःच्या हातानं ठासून बंद केले. पोरगी ऊब धरेपर्यंत थांबायचं आणि मग शेगडी बाहेर काढायची, असं त्यानं शांतव्वाला बजावलं. मग तो व्हरांड्यात घोंगडं पांघरून बसला, आणि दोन रात्री जागलेला माणूस बसल्या जागी झोपला.

शांतव्वाही दोन रात्री जागलीच होती. तिलाही दारापाशी बसल्या बसल्या झोप लागली.

पहाटे ती कशीबशी दार उघडून उंबऱ्यावर कोसळली. त्या आवाजानं रामलिंग उठला. त्याला सगळं एका क्षणात कळलं. त्यानं चन्नम्माला उचलून व्हरांड्यात आणलं, लेकरू आणलं, आणि वेड्यासारखा शिडीवर चढून पोती उपसली. खोली मोकळी व्हावी एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बयाबाई सुईण धावत आली. चन्नम्मा ओकली, मग कण्हली. लेकरू काही रडलं नाही. शेगडीच्या अगदी वर निजवलेलं होतं ते.

लोक जमले तेव्हा वरचे झरोके उघडे होते.

"वारं लागलं," बयाबाई म्हणाली. तेच सगळा माळ म्हणाला, तेच गडहिंग्लजच्या बाजारात गेलं. रामलिंगच्या भोकांनी त्याचीच नात खाल्ली. रामलिंग गप्प राहिला. बोलायचं तर शेगडीचं बोलावं लागणार, आणि शेगडी पेटवली शांतव्वानं. ती तीन दिवस जेवली नव्हती, आणि वाऱ्याला शिव्या देत होती. तेवढाच तिला आधार होता. तो कसा काढून घ्यायचा?

लेकरू गेल्याच्या चौथ्या दिवशी अण्णाप्पा आला. मागं बाबालाल, विटा आणि कालवलेला चुना.

"समदी बुजवून टाका," अण्णाप्पा म्हणाला. "खालची बी, वरची बी. वर्सभर बायका सांगत हुत्या, आमी ऐकलं न्हाय."

आठ खोल्या. प्रत्येक खाटेखाली शेगडी. बाबालाल पहिली वीट घेऊन चन्नम्माच्याच खोलीत शिरायला निघाला आणि रामलिंगला राहवलं नाही. तो दारात आडवा उभा राहिला.

"वाऱ्यानं न्हाय मेलं ते," तो म्हणाला. "वारं न्हवतंच आत. त्या राती वरची भोकं मी बुजवली हुती. पोती कोंबून. सकाळी मीच काडली. हवा न्हवती म्हनून गेलं लेकरू. मी मारलं."

त्याला थोडं सुटल्यासारखं वाटलं. शेगडीचं नाव त्यानं घेतलं नव्हतं. ती भोकं उघडी राहिली की पुरे होतं, शांतव्वाला यात ओढायचं कारण नव्हतं.

शांतव्वा खोलीच्या कोपऱ्यात बसली होती, ती भिंतीला धरून उठली.

"अर्धंच सांगतायसा," ती म्हणाली. "शेगडी माजी हुती. काडायला सांगितली हुती, मला झोप लागली. वरचं बुजवा म्हनून पाय बी मीच धरलं." मग ती दाराशी आलेल्या बयाबाईकडं वळली. "बाकीच्या खोल्यांतल्या शेगड्या काड गं. आत्ताच काड."

बयाबाई पळाली. बाबालालनं वीट खाली ठेवली.

लेकरू नेमकं कशानं गेलं, हे चन्नम्मा तेव्हा पहिल्यांदा ऐकत होती. ती खाटेवर उठून बसली होती. दूध भरून आलेलं, चोळी ओली झालेली. तिनं एकदा बापाकडं बघितलं, एकदा आईकडं. शांतव्वा तिच्याकडं यायला निघाली, तसं चन्नम्मानं हात पुढं करून तिला थांबवलं.

"अव्वा, अप्पा, तुमी दोघं बी भाईर जावा," ती म्हणाली. "आन् जाताना दार लावू नगासा."

दोघं व्हरांड्यात आली. दार उघडं ठेवलं. आतून चन्नम्माचं रडणं ऐकू येत होतं, आणि दोघांपैकी कुणालाच आत जाता येत नव्हतं.