बंद मोटारीची घरघर

तुमचे हे भुताचे अनुभव मी मोबाईलवर वाचतो, अन् निम्मे मला थापा वाटत्यात. भूतबीत मी कधी मानलं न्हाय. चौथी शिकलेला माणूस हाय, जे झालं तेवढंच लिहितो.

शेळगाव, तालुका इंदापूर. गेल्या साली पहाटं माझी बायको शेवंता उसात दारं धरत हुती. पाणी फिरवता फिरवता पाटातच पडली... मी इहिरीवर मोटारीपाशी बसलेलो. ती मोटार लई घरघर करायची, दुसरं काय ऐकू यायचं न्हाय. शेवंता सापडली तवा अंग गार पडलं हुतं. पडताना तिनं मला हाक मारली असंल का? — त्या एका गोष्टीनं झोप न्हाय. त्याच दिवशी स्टार्टरचे फ्यूज काढले, ते परत घातले न्हाईत. रान पडीक.

परवा पुतण्याची पोरगी सुमी पुण्याहून आली. तिचं काम येगळंच. आभाळाच्या पार वर इजंनं भारलेला वायू हाय म्हणं, प्लाझ्मा. धरती म्हंजे मोठं लोहचुंबक, अन् त्या वायूत चुंबकाच्या रेघंनं लाटा पळत्यात. त्या ती मोजती. गावची डीपी जळाली हुती, लाईट न्हाय, तर हिला आनंद!

"आबा, लाईटची गुणगुण नसली की लाट स्वच्छ येते."

"तुझी लाट येती, गावाचं पाणी जातं," मी म्हणलं.

पहाटं इहिरीपाशी तिनं तारंची चौकट उभी केली, यंत्राचा हेडफोन माझ्या कानाला लावला. "लांब कुठं वीज पडली की शिट्टी येते, वरनं खाली उतरत जाणारी. तोंडाचा आवाज हे यंत्र घेत नाही."

आधी नुसती चरचर. मग घरघर... सुमी यंत्राच्या पडद्याकडं बघून म्हणली, "आबा, तुमची मोटार चालू आहे?"

"खुळी का काय? डीपी जळालीय. फ्यूज घरात हायत."

ती जाऊन मोटारीवर हात ठेवून आली. गार हुती. माझ्या कानात घरघर चालूच. अन् त्याच्यावरनं, उंचावरनं खाली उतरत — "अवोऽऽ..." शेवंतानं उभ्या जन्मात माझं नाव घेतलं न्हाय, अशीच हाक मारायची. एकदा. परत एकदा. तिसरी बारीक... मग नुसती घरघर.

"आल्या बघा शिट्ट्या, तीन," सुमी म्हणली. असतील बी शिट्ट्या. पण घरघर कुठली, ते तिला सांगता येईना. रेकॉर्डिंग पुण्याला धाडलं, तर तिच्या सरांनी बारामतीकडची कुठली तरी लाईटची लाईन असंल म्हणून सोडून दिलं.

मलाबी ठाऊक न्हाय. पण वरीसभर जे इचारत हुतो ते कळलं. तिनं हाक मारली हुती. तीनदा. अन् मी मोटारीपाशीच बसलेलो.

त्या चौकटीकडं तोंड करून मी "आलो गं" म्हणलं... पण यंत्र तोंडाचा आवाज घेत न्हाय.